कम्युनियननंतरची दहा मिनिटं : एका पॅरिशमध्ये युखरिस्तभक्ती कुठे अडली होती आणि कशी मोकळी झाली

पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा कॅथलिक समाज, बाहेरून बघितली तर काही कमी नव्हतं. रविवारच्या सगळ्या मिस्सांना, म्हणजे उपासनांना, बाक भरलेले, क्वायर चांगलं, वाचन करणारे तयारी करून येणारे, अल्टार सर्व्हर भरपूर, तरुणांचा ग्रुपपण चालू. आणि तरी पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला एक तक्रार हटकून यायची, की लोक कम्युनियन, म्हणजे मिस्सात ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर, घेतात आणि तिथूनच घरी जातात. म्हणजे अक्षरशः रांगेतून वेदीपाशी आणि वेदीपासून बाजूच्या दाराने बाहेर. होस्टी, म्हणजे ती पातळ गोल भाकर, जिभेवर विरघळलेलीपण नसायची आणि हातात गाडीची चावी आलेली असायची.

मी लिटर्जी (उपासना) टीममध्ये आहे म्हणून हे सगळं जवळून बघितलं. सविस्तर लिहायचं कारण एवढंच की यातून जे हाती लागलं ते दुसऱ्या पॅरिशनाही कामाला येईल असं मनापासून वाटतं. पॅरिशचं नाव देत नाही, त्याने काही फरकही पडत नाही, कारण हे कुठेही घडतं.

सुरुवातीला सगळ्यांचं निदान एकच होतं : लोकांची श्रद्धा कमी झालीय. त्याला आधारही मिळाला. 2019 साली अमेरिकेत प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने एक पाहणी केली होती, त्यात तिथल्या कॅथलिकांपैकी साधारण तीनातला एकच जण म्हणाला की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, बाकीच्यांनी ते प्रतीक आहे असं सांगितलं. पुढे प्रश्न कसा विचारला यावरून बरीच चर्चा झाली, पण तो आकडा जगभर फिरला आणि तिथल्या बिशपांनी 2022 ते 2025 असा राष्ट्रीय युखरिस्त (म्हणजे हाच भाकर-द्राक्षारसाचा संस्कार) पुनरुज्जीवनाचा कार्यक्रमच हाती घेतला. आमच्या कौन्सिलमध्ये एकाने ती बातमी प्रिंट काढून आणली आणि म्हणाला, बघा, आपल्याकडेपण हेच असणार.

मग जे सगळीकडे होतं तेच झालं. दारावर नोटीस लागली की शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत कुणी बाहेर पडू नये. प्रवचनात चारदोन वेळा कानउघाडणी झाली. मग शिकवण दुरुस्त करायची म्हणून तत्त्वबदलावर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात या शिकवणीवर, प्रवचनांची मालिका, 1215 ची लॅटरन परिषद, 1551 चा ट्रेंट परिषदेचा ठराव, सगळं व्यवस्थित सांगितलं गेलं, आणि प्रवचनं खरंच चांगली होती, लोक ऐकतपण होते. फक्त कम्युनियन झालं की उठून जायचे. ज्यांनी मान डोलावून ऐकलं तेच जायचे, आणि मला तिथेच शंका यायला लागली की हा प्रश्न नुसता न मानण्याचा नाहीये, दुसरं काहीतरी आहे.

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी आराधनेचा एक तास सुरू केला. पहिले काही आठवडे गर्दी झाली, मग उतरत उतरत त्याच ठरलेल्या आज्या आणि दोनतीन रिटायर्ड माणसं उरली. तो तास कसा जायचा तेही सांगायला हवं, कारण आराधना म्हणजे हेच असं बऱ्याच ठिकाणी धरून चालतात. पवित्र साक्रामेंत, म्हणजे अर्पण झालेली होस्टी, मॉन्स्ट्रन्स या दर्शनपात्रात ठेवलं की लगेच गाणं, मग माइकवर रोझरी, मग नोव्हेना, मग लितानी, मग चिठ्ठ्यांवर आलेल्या विनंत्या एकेक करून वाचणं, मग परत गाणं, आणि तासाची शेवटची मिनिटं आली की घाईने तांतूम एर्गो हे गीत आणि आशीर्वाद. प्रार्थना एकेक करून सगळ्या चांगल्याच, पण पूर्ण तासात एक मिनिट शांतता नाही, येशूसमोर बसलोय आणि त्याला बोलायला जागाच नाही. शिवाय हा तास आपला आपला, एका बाजूला. रविवारच्या मिस्साशी त्याचं नातं काय ते कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे रविवारच्या लोकांसाठी तो पॅरिशच्या यादीतला आणखी एक प्रोग्रॅम झाला, आणि प्रोग्रॅम आधीच खूप होते.

वळण आलं ते पॅरिश प्रीस्टच्या एका साध्या प्रश्नाने. नोटीस आणखी मोठ्या अक्षरात लावू या असं कुणीतरी मीटिंगमध्ये सुचवलं तेव्हा फादर म्हणाले, "लोक का जातात ते नंतर बघू. ते थांबले असते तर त्यांना काय मिळालं असतं, ते आधी बघून या." आणि त्यांनी टीममधल्या प्रत्येकाला सांगितलं की पुढच्या काही रविवारी ड्यूटी घ्यायची नाही, प्रत्येकाने वेगळ्या मिस्साला मागच्या बाकावर बसायचं आणि कम्युनियनपासून शेवटपर्यंत काय होतं तेवढंच बघायचं.

मागच्या बाकावरून जे दिसलं ते कुणालाच नवीन नव्हतं, फक्त एकत्र कधी बघितलं नव्हतं. रांग सुरू होते, क्वायर एक गाणं घेतं, ते संपत आलं की दुसरं, मग तिसरं, मध्ये कीबोर्डचा तुकडा. रांग संपली तरी गाणं चालूच, कारण तीन कडवी बाकी असतात. तोवर वेदीवर सिबोरियम (होस्टींचं भांडं), कॅलिस (प्याला), पेटेन (तबकडी), सगळ्यांचं शुद्धीकरण चाललंय, भांड्यांचा आवाज माइकमधून येतोय, सर्व्हर पाणी घेऊन ये-जा करतोय, आणि लोकांचे डोळे तिकडे. गाणं संपतं तोच कोणीतरी माइकपाशी जातं आणि सूचना सुरू. धर्मशिक्षणाचे वर्ग, सभा, सहल, वर्गणी, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, आलेल्या पाहुण्यांचं स्वागत, टाळ्या, कुणाला तरी गुच्छ, परत टाळ्या. मग फादर उभे राहून "आपण प्रार्थना करू या" म्हणतात, प्रार्थना, आशीर्वाद, गाणं, संपलं. म्हणजे जो माणूस भक्तिभावाने थांबला त्यालाही कम्युनियननंतर प्रभूशी बोलायला अर्धं मिनिट मिळालं नाही. तो थांबला ते टाळ्या वाजवायला.

हे बघितल्यावर बाजूच्या दाराने जाणाऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. त्यातले काही बेफिकीर असतीलही. पण रांगेतून परत येताना ज्यांनी हात जोडलेले असायचे, डोळे खाली असायचे, अशीही कितीतरी माणसं बाहेर पडत होती. मिस्साचा गाभा कम्युनियनपाशी संपला, आता फक्त घोषणा राहिल्यात, हे त्यांना कुणी शब्दात सांगितलं नव्हतं, पण आपणच दर रविवारी तसं दाखवत होतो. चर्चच्या भिंतीआत जे केलं जातं त्यातूनच लोक शिकतात. प्रवचनात एक सांगितलं आणि वेदीभोवती दुसरं दिसलं तर डोळ्यांनी बघितलेलंच मनात राहतं.

आणखी एक गोष्ट निघाली, एकदम व्यावहारिक. दोन मिस्सांमधलं अंतर इतकं कमी ठेवलेलं होतं की पुढच्या मिस्साची माणसं आधीच्या मिस्साच्या सूचना चालू असतानाच दारात येऊन उभी राहायची, बाहेर गाड्यांची कोंडी. आधी निघालं तर सुटका, नाहीतर अडकले. मिस्सानंतर दोन मिनिटं गुडघ्यावर राहावं असं ज्याला वाटेल त्याच्या बाकावर दुसरं कुटुंब येऊन बसायला बघतंय. वेळापत्रकच माणसाला बाहेर ढकलत होतं.

फादरांनी मग मिस्सल, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनांचा ग्रंथ, त्याची सर्वसाधारण सूचना उघडून टीमबरोबर तेवढाच भाग वाचला, आणि खरं सांगायचं तर नवीन काही शोधायची गरजच नव्हती. कम्युनियनचं गाणं धर्मगुरू स्वतः कम्युनियन घेतो तेव्हा सुरू व्हावं आणि वाटप चालू आहे तोवर चालावं. त्यानंतर काही वेळ पवित्र शांतता पाळता येते, किंवा सगळ्यांनी मिळून एखादं स्तोत्र किंवा स्तुतिगीत म्हणता येतं. भांडी जास्त असतील तर ती झाकून ठेवून मिस्सा संपल्यावर शुद्ध करायला परवानगी आहे. आणि सूचनांची जागा कम्युनियननंतरच्या प्रार्थनेच्या नंतर आहे, आधी नाही, आणि त्या थोडक्यात द्यायच्या आहेत. 1963 च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेवरच्या दस्तऐवजात लोकांच्या सहभागाचं वर्णन करताना गाणी, प्रतिसाद, हालचाली यांच्या जोडीला योग्य वेळी शांतता पाळावी हेही लिहिलंय, आणि सहभाग म्हणजे सगळ्यांनी सतत काहीतरी करत राहणं असा जो समज पसरलाय त्यात हे वाक्य नेमकं हरवतं. त्याच्याही आधी 1947 मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांच्या परिपत्रकात मिस्सा संपला की आभारप्रार्थनेची काही गरज नाही असं म्हणणाऱ्यांना स्पष्ट विरोध केला होता. म्हणजे ही तक्रारसुद्धा आजची नाही.

दुसरी गोष्ट सॅक्रिस्टीत, म्हणजे मिस्साची तयारी होते त्या खोलीत, सापडली आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्याकडे सोयीसाठी एकाच मिस्साला मोठ्या प्रमाणात होस्टी अर्पण व्हायच्या आणि मग पुढचे कितीतरी मिस्से टॅबरनॅकलमधल्या, म्हणजे अर्पण झालेल्या होस्टी ठेवायच्या कपाटातल्या, सिबोरियमवरच चालायचे. कम्युनियनची वेळ झाली की एक जण टॅबरनॅकलकडे जायचा, सिबोरियम काढायचा, वाटप सुरू. त्यात अवैध काही नाही, प्रभू तोच, पूर्ण, तिथेही. पण व्हॅटिकन परिषदेने त्याच मिस्सात अर्पण झालेलं शरीर लोकांनी घ्यावं याची खास शिफारस केलीय, कारण त्यातून माणसाला दिसतं की आत्ता या वेदीवर जे घडलं त्याच्यात मी सामील आहे. संत ऑगस्तीन नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना हेच शिकवायचे, की वेदीवर तुमचंच रहस्य ठेवलेलं आहे, तुम्ही जे आहात ते घेता, तर जे घेता ते व्हा. दानार्पणाच्या वेळी पुढे नेलेल्या भाकरीत माझा आठवडा, माझं काम, माझं दुखणं असं सगळं ठेवलं आणि कम्युनियनला मला कपाटातलं आधीचं मिळालं, तर जोडणारा धागा डोळ्यांना दिसत नाही.

मग बदलायला घेतलं. सॅक्रिस्टीचं काम तुलनेने सोपं निघालं : दारावरच्या स्वयंसेवकांनी साधारण किती माणसं आलीत ते दानार्पणाच्या आधी सांगायचं, त्याप्रमाणे होस्टी सिबोरियममध्ये घालायच्या, आणि ते सिबोरियम एखाद्या कुटुंबाने दानार्पणाला पुढे न्यायचं. अंदाज चुकला तर टॅबरनॅकल आहेच. सॅक्रिस्टन सुरुवातीला वैतागला होता, दर वेळी मोजामोजी कशाला म्हणून, पण दोनेक महिन्यांनी तोच नवीन मुलांना समजावून सांगत होता की हे असं का करतात.

सूचनांचं प्रकरण मात्र जड गेलं. ज्यांच्या संस्थेची सूचना कापली जाते त्यांना ते मनाला लागतं, आणि ज्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी टाळ्या पडायच्या त्यांना या वर्षी का नाही हा प्रश्न पडणारच, माणसं आहेत. मीटिंगमध्ये आवाज चढले. शेवटी ठरलं ते असं, की बऱ्याच गोष्टी पत्रकात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जातील, फार गरजेचं असेल ते कम्युनियननंतरची प्रार्थना झाल्यावर एकच माणूस दोन मिनिटांत सांगेल, आणि अभिनंदन, गुच्छ, टाळ्या हे सगळं मिस्सा संपल्यावर बाहेर अंगणात. यात एक गोष्ट फादरांनी फार चांगली केली : सगळ्यात आधी त्यांनी स्वतःच्या सूचना काढल्या. त्यानंतर बाकीच्यांना विरोध करणं अवघड गेलं.

क्वायरचं दुखणं वेगळं. त्यांनी मेहनतीने गाणी बसवलेली असतात आणि कम्युनियनची वेळ हाच त्यांचा मोठा वाव. क्वायर लीडरबाईंना वाटलं की आपल्याला गप्प केलं जातंय. फादर त्यांच्या सरावाला जाऊन बसले आणि म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना प्रार्थनेला लावता, पण कम्युनियन घेऊन तुम्ही स्वतः प्रार्थना कधी करता?" बाई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "फादर, कित्येक वर्षांत नाही केली. होस्टी घेतली की लगेच पुढचा सूर पकडायचा असतो." तिथून तो विषय क्वायरवरच्या बंधनाचा राहिला नाही, क्वायरला मिळालेल्या वेळेचा झाला.

आणि मग शांतता. पहिल्या रविवारी ती जमलीच नाही. फादर खुर्चीत डोळे मिटून बसले, लोक वाट बघायला लागले, कुणी खोकलं, कुणी मागे वळून बघितलं, लोकांना वाटलं फादर प्रार्थना विसरले, आणि क्वायरमधल्या एकाने मदत करावी म्हणून गाणंच सुरू केलं. शांतता ठेवली म्हणजे प्रार्थना आपोआप होते असं नाही, ती शिकवावी लागते, आणि ती आपण मोठ्यांना कधी शिकवलेलीच नसते. लहानपणी फर्स्ट कम्युनियनच्या वर्गात एक पाठ केलेली प्रार्थना मिळाली तेवढ्यावर माणूस चाळिशी गाठतो. म्हणून पुढे काही रविवारी फादर कम्युनियनच्या आधी नाही, तर प्रवचनाच्या शेवटी दोनतीन वाक्यांत सांगायचे की आज त्या वेळात काय करा. एकदा म्हणाले, आजच्या शुभवर्तमानातलं एकच वाक्य धरा आणि तेच प्रभूला परत म्हणा. एकदा म्हणाले, या आठवड्यात ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याचं नाव प्रभूसमोर घ्या, दुसरं काही मागू नका. एकदा एवढंच, की काहीच बोलू नका, तो आलाय, बसा. माझ्या मते पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त फरक पडला असेल तर या छोट्या वाक्यांनी, कारण माणसाला पहिल्यांदा कळलं की त्या वेळात माझं काही काम आहे.

दरम्यान आजाऱ्यांच्या कम्युनियनचा विषय निघाला, तोही एका मुलीने विचारल्यामुळे, की माझी आजी आता येऊ शकत नाही, तिला महिन्यातून एकदाच का? आमच्याकडे पहिल्या शुक्रवारी फादर मोठी यादी घेऊन निघायचे, एका सकाळी सगळी घरं, प्रत्येक घरात चार-पाच मिनिटं. संत जस्टिन यांनी इसवी सन 155 च्या सुमारास रोमन सम्राटाला लिहिताना ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन केलंय, त्यात साफ लिहिलंय की जे आले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, वाटा घेऊन जायचे, आणि त्याच सभेत जमलेलं दान अनाथ, विधवा, आजारी यांच्यासाठी वापरलं जायचं. म्हणजे वेदीवरून थेट घरी, त्याच दिवशी. कम्युनियन वाटायला विशेष सेवकांची, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या माणसांची, परवानगी 1973 पासून आहे, माणसं प्रशिक्षित होतीच, फक्त त्यांचा उपयोग रविवारी रांगा कमी करण्यापुरता चालला होता.

आता दर रविवारी एका मिस्सात कम्युनियन झाल्यावर हे सेवक वेदीसमोर येतात, फादर प्रत्येकाच्या पिक्समध्ये, म्हणजे छोट्या डबीत, होस्टी ठेवतात, आणि सगळ्यांसमोर म्हणतात की ज्यांना येता आलं नाही त्यांच्याकडे प्रभूला घेऊन जा, सांगा आम्ही त्यांची आठवण काढली. आणि ते तिथूनच निघतात. वाटेत कुठे थांबायचं नाही, फोन घ्यायचा नाही, सरळ त्या घरी, कारण चर्चचा नियमच तसा आहे.

मी एकदा त्या आजींच्या घरी सेवकबाईंबरोबर गेलो होतो. टेबल पुसून त्यावर इस्त्री केलेलं पांढरं कापड, क्रूस, एक मेणबत्ती, बाजूला पाण्याचा ग्लास. नात दारातच उभी होती, बोलली नाही, मेणबत्ती घेऊन पुढे चालत आत गेली, हे तिला कुणी शिकवलं देव जाणे. आजी अंथरुणात बसल्या होत्या, डोक्यावर पदर. बाईंनी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचलं, आमच्या बापा म्हटलं, होस्टी दिली, आणि मग आम्ही सगळेच गप्प बसलो. बऱ्याच वेळाने आजींनी विचारलं, "ही आत्ताच्या मिस्सातली का?" बाई म्हणाल्या, "हो आजी, आठच्या. तुमचा मुलगा होता ना त्याच मिस्साला, त्याच सिबोरियममधली." आजी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही एकत्रच जेवलो."

तत्त्वबदलावरच्या सगळ्या प्रवचनांतून पॅरिशला जे पोचवायचं होतं ते त्या एका वाक्यात होतं, आणि आजींना ते कुणी समजावलं नव्हतं. जाताजाता एक सांगतो, कारण घरोघरी हा गैरसमज आहे : आजारी आणि वयस्कर माणसांना, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही, कम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट लागू नाही. औषधाबरोबर खाल्लं म्हणून कम्युनियन नको म्हणणाऱ्या कितीतरी आज्या आहेत, त्यांना हे आवर्जून सांगा.

लोकांनी हे पिक्स घेऊन जाणं डोळ्यांनी बघितलं आणि काहीतरी बदललं. ते निघतात तोपर्यंत दाराकडे जाणारी माणसं थांबायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रभू मधल्या वाटेने चाललाय आणि आपण त्याच्या आधी बाहेर पडायचं हे त्यांचं त्यांनाच बरं वाटेना.

आराधनेचा तास बंद नाही केला, हलवला. आता तो गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्साला जोडून असतो, त्याच मिस्सात अर्पण झालेली होस्टी मॉन्स्ट्रन्समध्ये ठेवायची, कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की समारोपाचा विधी न करता तिथेच आराधना सुरू. नियमाप्रमाणे हे असंच करता येतं आणि यात आराधना मिस्सातून निघते हे काही न बोलता कळतं. सुरुवातीला येत्या रविवारचं शुभवर्तमान एकदा सावकाश वाचायचं, मध्ये एक गाणं, बाकी शांतता, शेवटी आशीर्वाद. मागे कन्फेशनला एक फादर बसलेले. रोझरी आता मिस्साच्या आधी म्हणतात, त्यामुळे आज्यांचीही तक्रार नाही. माणसं हळूहळू वाढली, ऑफिसमधून थेट येणारी, दहा मिनिटं बसून जाणारी, आणि फादरांनी सांगूनच ठेवलंय की पूर्ण तास बसलंच पाहिजे असं नाही.

त्यात एक गट असा निघाला ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता : ज्यांना कम्युनियन घेता येत नाही. लग्नाच्या अडचणीत असलेली माणसं, ज्यांचा प्रश्न चर्च कोर्टात पडून आहे, किंवा सुटण्यासारखाच नाही. रविवारी सगळा बाक रिकामा होऊन रांगेत जातो आणि हे एकटे बसून राहतात, आजूबाजूचे बघतात, म्हणून त्यातले काही रविवारी यायचेच बंद झाले होते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 च्या दस्तऐवजात अशा लोकांना मिस्साला येत राहा, वचन ऐका, युखरिस्ताची आराधना करा असं नाव घेऊन सांगितलंय. आराधनेत रांग नसते. तिथे सगळे सारखेच, गुडघ्यावर. एक जण मला म्हणाला की इथे मी इतर कुणाहून वेगळा दिसत नाही. युखरिस्तभक्ती वाढवायची म्हणताना आपण जे आधीच येतात त्यांचाच विचार करतो, पण भूक सगळ्यात जास्त यांना असते, आणि त्यांच्यासाठी दार उघडं ठेवणं हे माझ्या दृष्टीने या कामातलं सगळ्यात मोठं पुण्य.

सगळंच जमलं असं नाही. उत्साहाच्या भरात काही जणांनी चोवीस तास आराधना सुरू करू या म्हटलं. साक्रामेंत प्रदर्शित असताना एक क्षणही एकटं सोडता येत नाही, म्हणजे रात्रीच्या प्रत्येक तासाला पक्की नावं हवीत. यादी केली, भरली, आणि थोड्याच दिवसांत पहाटेचे तास त्याच त्याच दोघा-तिघांवर येऊन पडायला लागले, त्यातले एक काका आजारी पडले. फादरांनी थांबवलं आणि बरं केलं. त्याऐवजी चर्च दिवसा जास्त वेळ उघडं ठेवलं, टॅबरनॅकलसमोरचा दिवा तर जळतच असतो, येणाऱ्याला तेवढं पुरतं.

हातावर की जिभेवर यावरूनही दोन गट पडले. यात खरं तर भांडायला जागाच नाही : जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला कायम आहे, हातावर जिथे बिशप परिषदेने परवानगी घेतलीय तिथे चालतं, आणि चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल डाव्या हाताचं उजव्यासाठी सिंहासन करा असं शिकवत होतेच. पण व्हॉट्सॲपवर एकमेकांना कमी भक्तीचे ठरवणं सुरू झालं तेव्हा फादरांनी रविवारी करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय वाचायला घेतला. पौल तिथे चिडलाय तो कुणी कसं वाकलं म्हणून चिडलेला नाही, एक उपाशी राहतो आणि दुसरा तर्र होतो, तुमच्यात फुटी आहेत, आणि तरी तुम्ही प्रभुभोजनाला बसता, म्हणून. ग्रुपवरचे मेसेज त्यानंतर थांबले, निदान उघडपणे.

फर्स्ट कम्युनियनच्या वर्गातही बदल सुरू झालाय, पण तो आत्ताच आहे म्हणून फार लिहीत नाही. 1910 मध्ये पोप पायस दहावे यांनी समज येण्याचं वय, म्हणजे साधारण सात, पुरेसं आहे असं ठरवलं. त्यांनी मुलाकडून फार ज्ञान मागितलं नाही, साध्या भाकरीहून ही वेगळी आहे एवढं कळणं मागितलं, आणि जबाबदारी आईबाप आणि कन्फेशन ऐकणाऱ्यावर टाकली. आमच्याकडे प्रश्नोत्तरं पाठ व्हायची, आईबापांची मीटिंग फक्त कपडे आणि फोटोवर. आता पालकांना मुलांबरोबर गुरुवारच्या त्या तासाला पंधरा मिनिटं बसायला सांगतात. काही बाप पहिल्यांदाच मुलाशेजारी गुडघ्यावर दिसले.

दुखणं अजून आहे ते सकाळच्या लागोपाठच्या मिस्सांचं. तिथे लोक अजूनही उठून जातात, आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण पुढच्या मिस्साची माणसं अजूनही दारात उभी असतात. अंतर वाढवायचं तर एक मिस्सा कमी करावा लागेल किंवा पहिला आणखी लवकर घ्यावा लागेल, आणि दोन्हीला विरोध आहे. वयस्कर लोकांना पहाटे नको, तरुण आईबापांना दुपारच्या जवळ नको, आणि मिस्सा कमी करू नका असं तर सगळेच म्हणतात. कौन्सिलच्या पुढच्या मीटिंगला हा एकच विषय ठेवलाय. माझं मत मी आधीच लेखी दिलंय : एक मिस्सा कमी करा, पण मिस्सानंतर वीस मिनिटं कुणालाही बाकावरून उठवायला लागू नये एवढी जागा ठेवा.